पोपुलोनियाचे वर्णनकार

स्थलवर्णनाच्या ग्रंथाचे परीक्षण घरी बसून करता येते, असा एक समज आमच्या टीकाकारवर्गात रूढ आहे. भाषा ओघवती आहे काय, ग्रंथकर्त्याचा स्वभाव तीतून प्रकट होतो काय, वाचताना कंटाळा येतो की उत्कंठा वाढते, एवढे पाहिले की परीक्षणकर्त्याचे काम संपले. परंतु वर्णिलेले स्थळ हा मूळ ग्रंथ आणि प्रवासी हा त्याचा भाषांतरकार असे मानले, तर ही पद्धत अपुरी ठरते. कारण मुळाशी ताडून न पाहता भाषांतराचे गुणदोष सांगू लागणाऱ्यास आपण धीट म्हणू, जाणता म्हणणार नाही. अशी ताडणी प्रत्येक ग्रंथाच्या बाबतीत शक्य नसते हे खरे. तथापि एका लहानशा गावापुरती ती करण्याची संधी आम्हांस मिळाली, आणि तिचा निष्कर्ष आमच्याच पूर्वीच्या मतास धक्का देणारा निघाला; म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहो.

ते गाव म्हणजे इटलीतील पोपुलोनिया. टस्कनी प्रांताच्या किनाऱ्यावर, पिओंबीनो शहराच्या उत्तरेस, समुद्रात घुसलेल्या एका डोंगरी भूशिरावर ते वसले आहे. पायथ्याशी बारात्तीचा अर्धचंद्राकृती उपसागर, आणि समुद्रात एल्बा बेट. एल्बा म्हटले की सुशिक्षित वाचकांस १८१४ साली तेथे ठेवलेला नेपोलियन आठवतो. परंतु नेपोलियनच्या आधी दोन हजारांहून अधिक वर्षे ते बेट लोखंडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते, आणि पोपुलोनियाची सारी कथा त्या खाणींशी जडलेली आहे. रोमचा उदय होण्यापूर्वी मध्य इटलीत ज्या एट्रुस्कन लोकांची नगरे भरभराटीस आली होती, त्यांच्या प्रमुख नगरांपैकी हे एक. इतर थोर एट्रुस्कन नगरे समुद्रापासून काही अंतर राखून वसली. हे एकच प्रत्यक्ष समुद्रावर उभे राहिले. त्याच्या नाण्यांवर ‘पुप्लुना’ असे नाव आढळते, आणि एट्रुस्कनांचा मद्यदेव फुफ्लुन्स याच्याशी त्या नावाचा संबंध पंडित जोडतात. कित्येक नाण्यांवर जीभ बाहेर काढलेल्या गॉर्गन राक्षसीचे तोंड आहे. आज त्या नगरीच्या जागी पंधराव्या शतकात पिओंबीनोच्या आप्पियानी घराण्याने बांधलेली एक गढी, तिच्या आश्रयाने उभी असलेली दगडी घरे आणि दोनचार गल्ल्या, एवढेच गाव उरले आहे. पाहुणा ते अर्ध्या घटकेत पाहून संपवू शकतो.

या गावाविषयी ज्यांनी लिहिले, किंवा ज्यांच्या लेखनामुळे आम्ही तेथे गेलो, अशा पाच ग्रंथकारांची साक्ष आम्ही घेणार आहो. पहिला ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो, दुसरा पाचव्या शतकातील लॅटिन कवी रुटिलियस नमाशियानस, तिसरा मेकॉले, चौथा ‘सिटीज अँड सेमेटरीज ऑफ एट्रुरिया’ या द्विखंडात्मक ग्रंथाचा कर्ता जॉर्ज डेनिस, आणि पाचवा डी. एच. लॉरेन्स, ज्याचे ‘एट्रुस्कन प्लेसेस’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९३२ साली प्रसिद्ध झाले. आमचा पक्षपात आरंभीच कबूल करावा हे बरे. यांपैकी लॉरेन्स आमचा आवडता. स्ट्रेबोस आम्ही रुक्ष समजत होतो, आणि त्याचे ते प्रकरण केवळ कर्तव्य म्हणून वाचून ठेवले होते.

बारात्तीच्या किनाऱ्यावरील छत्रीसारख्या पाइन वृक्षांच्या सावलीतून निघून, डोंगर चढून, आम्ही गढीच्या मनोऱ्यावर आलो. तेथून चोहोंकडे दृष्टी टाकली असता पहिल्याने मेकॉलेची आठवण झाली. हिंदुस्थानातील इंग्रजी शाळांतून शिकलेल्या कित्येक पिढ्यांच्या कानांवर पोपुलोनियाचे नाव आले असेल तर ते त्याच्याच ‘होरेशियस’ या पोवाड्यावाटे. ज्या मेकॉलेने १८३५ साली आमच्या शिक्षणाविषयीचे ते सुप्रसिद्ध टिपण लिहिले, त्याच मेकॉलेने १८४२ च्या ‘लेज ऑफ एन्शंट रोम’ या संग्रहात रोमवर चालून येणाऱ्या एट्रुस्कन नगरांची नामावळी गुंफली. तीत पोपुलोनियास एक कडवे मिळाले आहे, आणि तेथील पहारेकऱ्यांस दक्षिणेच्या क्षितिजावर सार्डिनियाची हिमाच्छादित शिखरे दिसतात असे त्यात वर्णिले आहे. कडवे म्हणण्यास मोठे गोड आहे. परंतु मनोऱ्यावरून सार्डिनिया दिसत नाही. हा केवळ त्या दिवशीच्या हवेचा दोष नव्हे. सार्डिनियाचे त्यातल्या त्यात जवळचे उंच डोंगर येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर आहेत आणि त्यांची उंची चौदाशे मीटरांच्या आत आहे. गढीची टेकडी तर दोनशे मीटरांचीही नाही. पृथ्वीच्या गोलाईचा साधा हिशेब केला तरी ते क्षितिजाखाली बुडालेले असावयाचे. स्वच्छ हवेत येथून जी बर्फाळ शिखरे दिसतात ती पश्चिमेकडील कॉर्सिकाची; त्यांतले सर्वांत उंच २७०६ मीटर आहे.

मग मेकॉलेस सार्डिनिया कोठून दिसला? आमच्या मते पुस्तकातून. स्ट्रेबोने आपल्या भूगोलात लिहून ठेवले आहे की, या नगरीवरून सार्डिनिया दूरवर, कष्टाने का होईना, दिसतो. कॉर्सिका त्याहून जवळ आणि एल्बा सर्वांत जवळ. आपण स्वतः वर चढून हे पाहिले असेही तो सांगतो. स्ट्रेबोची येथे चूक झाली. पण तो निदान डोंगर चढला होता, आणि ‘कष्टाने’ हा शब्द घालण्याइतका सावध होता. मेकॉलेच्या कडव्यात तो कष्ट गळून पडला आणि दुरून अंधुक भासलेले बेट चकाकणारी हिमशिखरे बनून क्षितिजावर उभे राहिले. पोवाड्यास हे चालते असे कोणी म्हणेल, आणि आम्हीही मेकॉलेस यासाठी फासावर चढवीत नाही. त्याला स्थळ सांगावयाचे नव्हतेच. त्याला नाद हवा होता. मात्र एका पुस्तकातील दृश्य दुसऱ्या पुस्तकात जाताना कसे अधिक देखणे आणि अधिक खोटे होत जाते, याचा हा नमुना लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रुटिलियसची गोष्ट वेगळी. तो खरोखरीच येथे आला होता. इ. स. ४१७ च्या सुमारास रोमहून आपल्या गॉल देशाकडे तो समुद्रमार्गे परत चालला होता. गॉथ लोकांच्या स्वाऱ्यांनी खुष्कीचा मार्ग उद्ध्वस्त केला होता. त्या प्रवासावरील त्याचे काव्य अपूर्ण स्थितीत उपलब्ध आहे. पोपुलोनियाच्या बंदरात गलबत लागले तेव्हा त्यास ढासळलेले तट आणि ढिगाऱ्याखाली गाडलेली छपरे दिसली. आणि नगरांनाही जर मरण आहे तर माणसाने आपल्या देहाच्या नाशाबद्दल कुरकुर का करावी, असा विचार त्याने व्यक्त केला. भग्नावशेष पाहून वैराग्य येणे ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाही. रुटिलियसच्या लेखणीत ती भावना खरी आहे, कारण त्याच्या डोळ्यांदेखत सारे साम्राज्यच मोडकळीस आले होते.

तथापि या काव्यात एक गोष्ट अशी आहे की, ती प्रथम वाचताना आमच्या लक्षात आली नव्हती. पोपुलोनियास पोचण्याच्या थोडेच आधी एल्बा बेट दृष्टीस पडते, आणि तेथे कवी लोखंडाची स्तुती करतो. सोन्याने माणसे बिघडतात. लोखंडाने शेते नांगरली जातात. ही त्या स्तुतीची दिशा. पुढे बंदर येते, आणि तेथे तो पडक्या भिंतींवर शोक करतो. परंतु ज्या लोखंडाची स्तुती गलबतावरून केली ते लोखंड याच किनाऱ्यावर शतकानुशतके गाळले गेले, आपण ज्या भूमीवर उतरलो ती त्याच धंद्याच्या मळाने भरलेली आहे, ही जोड कवीने कोठेच दिलेली नाही. स्तुती एका ठिकाणी, शोक दुसऱ्या ठिकाणी. मध्ये कोणी माणूस नाही. काव्याच्या दृष्टीने हे दोन उत्तम परिच्छेद आहेत. स्थळाच्या दृष्टीने मात्र ते एकाच वस्तूचे दोन तुकडे असून कवीने ते जुळवावयाचे राहून गेले.

लोखंड गाळण्याची ती रीत येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. कारण तिच्यावाचून पुढचे कळावयाचे नाही. एल्बातील खनिज फोडून, कोळशाबरोबर लहान मातीच्या भट्टीत घालून, भात्याने वारा देत तापवीत. लोखंड वितळण्यास १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. ती त्या भट्ट्यांत येत नसे. म्हणून लोखंडाचा रस होत नसे. मळ तेवढा पातळ होऊन वाहे आणि मागे सच्छिद्र गोळा उरे. डायोडोरस या इतिहासकाराने एल्बाच्या वर्णनात या गोळ्यांस मोठ्या स्पंजांची उपमा दिली आहे, आणि ती अगदी यथार्थ आहे. तो गोळा पुन्हा तापवून घणाखाली ठोकून ठोकून शुद्ध करावयाचा. या रीतीत खनिजातील पुष्कळसे लोह मळाबरोबर निघून जाई. ज्यास आमचे वैद्य मंडूर म्हणतात आणि जितके जुने तितके गुणकारी समजतात, ते हेच. बेटावर कोळशासाठी लाकूड पुरेनासे झाल्यामुळे खनिज गलबतांत घालून समोरच्या किनाऱ्यावर आणू लागले असे आजचे अभ्यासक मानतात. इ. स. पूर्व २०५ मध्ये आफ्रिकेवरील मोहिमेसाठी सिपिओ आरमार सज्ज करीत होता, तेव्हा एट्रुस्कन नगरांनी काय काय देऊ केले त्याची यादी लिव्हीने दिली आहे. तार्क्विनियाने शिडांचे कापड दिले; पोपुलोनियाने लोखंड.

हा मळ कोठे गेला? तो बारात्तीच्या किनाऱ्यावर साठत गेला. तेथे सान चेरबोने नावाच्या भागात नगरीतील जुन्या धनिकांची स्मशानभूमी होती. इ. स. पूर्व सातव्या शतकातील मोठमोठी वर्तुळाकार थडगी तेथे आहेत. त्यांत ज्यास ‘रथांचे थडगे’ म्हणतात त्याचा व्यास सुमारे २८ मीटर असून, आत चौकोनी खोलीवर दगडांचे थर पुढे पुढे सरकवीत घातलेला घुमट होता आणि मृतासोबत रथ पुरले होते. जवळच लहान देवळासारखे किंवा घरासारखे दोन उतरत्या पाख्यांचे दगडी छप्पर असलेले एक थडगे उभे आहे. पुढे लोखंडाचा धंदा वाढला तसे मळाचे ढीग या थडग्यांवर पडू लागले, आणि काही शतकांत सारी स्मशानभूमी कित्येक मीटर खोल गाडली गेली. नातवांच्या भट्ट्यांनी आजोबांची समाधी बुजविली असे म्हणावयास हरकत नाही.

आता डेनिसकडे वळू. त्याचा ग्रंथ १८४८ साली निघाला, आणि एट्रुरियाच्या प्रवाशास आजही त्याचा उपयोग होतो. त्याचे गुण आम्हांस फार प्रिय आहेत. तो तटाचे दगड मोजतो, वाट विचारतो, हिवतापाच्या दलदलीतून रपेट करतो, आणि जे पाहिले नाही ते पाहिले असे म्हणत नाही. परंतु डेनिस जेव्हा बारात्तीच्या किनाऱ्यावरून गेला तेव्हा ती थडगी त्याच्या पायांखाली, मळाच्या ढिगांत होती. ती उजेडात आली विसाव्या शतकात. येथे त्यास दोष देता येत नाही. उलट प्रामाणिक निरीक्षणाचीही मर्यादा कोठे असते हे यावरून कळते. तो भग्न नगरीच्या तटाकडे जात होता. वाटेतील काळे ढीग त्याच्या विषयात बसत नव्हते. एट्रुस्कन म्हणजे तट, थडगी, शिलालेख आणि भांडी, ही त्या काळच्या विद्वानांची व्याख्या होती. तीत कारखान्याचा उकिरडा येत नव्हता. आणि नेमक्या त्या उकिरड्याखालीच डेनिस ज्याच्या शोधात होता ते होते.

राहिला लॉरेन्स. १९२७ च्या एप्रिलमध्ये, क्षयाने शरीर पोखरलेले असताना, अर्ल ब्रूस्टर या अमेरिकन चित्रकार मित्रासह तो चेर्वेतेरी, तार्क्विनिया, वुल्ची आणि वोल्तेर्रा या स्थळी हिंडला. हा ब्रूस्टर बुद्धचरित्राचा अभ्यासक होता आणि पुढे हिंदुस्थानात येऊन अलमोड्यास राहिला. लॉरेन्सच्या ग्रंथात पोपुलोनियावर प्रकरण नाही. तरी त्याची साक्ष घेणे अवश्य आहे, कारण एट्रुस्कन या शब्दाभोवती आज सामान्य सुशिक्षितांच्या मनात जी आनंदाची आभा आहे ती मुख्यतः त्याने निर्माण केली. तार्क्विनियाच्या थडग्यांतील भित्तिचित्रे, नाचणारे स्त्रीपुरुष, बासरीवाले, पाण्यात उड्या घेणारे डॉल्फिन, मेजवानीस टेकून बसलेली जोडपी यांचे त्याने केलेले वर्णन अप्रतिम आहे. मुसोलिनीच्या राज्यात जिकडे तिकडे रोमन सामर्थ्याचा जयघोष चालला असताना, रोमने ज्यांस चिरडले त्या लोकांची बाजू त्याने घेतली. दगडी स्मारके टिकतात म्हणून ती श्रेष्ठ नव्हेत, असे त्याने ठासून सांगितले. मरणाच्या दारात असलेल्या मनुष्याने थडग्यांत उतरून जीवनाचे गाणे म्हणावे, यातील धैर्याची किंमत आम्ही कमी करू इच्छीत नाही.

परंतु याच चित्रांविषयी बोलताना तो एक पाऊल पुढे जातो. चित्रांतील दासांकडे पाहून तो म्हणतो की, हे कोणी दडपलेले नोकर नव्हेत; त्यांच्याही अंगांतून जीवनरस ओसंडत आहे. हा उतारा आम्ही पूर्वी कितीदा तरी आनंदाने वाचला होता. पोपुलोनियात मात्र तो आठवून आम्ही थबकलो. ही चित्रे कोणी काढविली? ज्यांस थडगे खोदवून घेणे परवडत होते त्यांनी. धन्याच्या थडग्यात धन्याच्या खर्चाने रंगविलेला सेवक हसतमुखच असावयाचा. तो त्या सेवकाची साक्ष नसून धन्याची इच्छा आहे. एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्यातील तसबिरीवरून त्याच्या कुळांची स्थिती ठरविणाऱ्या लेखकास आपण भोळा म्हटले असते. लॉरेन्सच्या भाषेचा प्रभाव असा की, हा प्रश्नच आमच्या मनात इतकी वर्षे उठला नव्हता.

आणि त्या प्रश्नास पोपुलोनियाच्या मातीनेच एक उत्तर दिले आहे. बारात्तीजवळच्या स्मशानभूमीत पुरातत्त्वज्ञांस इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास पुरलेल्या एका तरुण पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याची वार्ता २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या पायांत जड लोखंडी बेड्या होत्या. त्या त्याच्यासह पुरल्या गेल्या. रथांचे थडगे आणि हा सांगाडा एकाच उपसागराच्या काठी आहेत. ज्या नगरीने सिपिओच्या आरमारास लोखंड पुरविले तिने त्याच धातूचा हाही उपयोग केला होता. एका सांगाड्यावरून साऱ्या समाजाचा निवाडा करणे हे लॉरेन्सच्याच चुकीची उलट बाजू होईल, आणि ते आम्ही करणार नाही. पण भिंतीवरील नाचणारा दास जर साक्षीत घ्यावयाचा, तर जमिनीतील हा मनुष्य साक्षीबाहेर ठेवता येणार नाही.

येथवर ग्रंथकारांविषयी झाले. आता मूळ ग्रंथाविषयी, म्हणजे स्थळाविषयी, एक शंका मांडावयाची आहे. सांप्रत बारात्तीस गेलेल्या प्रवाशास सान चेरबोनेची थडगी हिरव्या गवतात स्वच्छ, सुबक उभी दिसतात. १९९८ साली तेथे पुराणवस्तूंचे उद्यान झाले. व्यवस्था उत्तम आहे. परंतु हे हिरवे गवत तेथे कसे आले? जुन्या भट्ट्यांच्या मळात पुष्कळ लोह शिल्लक आहे आणि नव्या भट्टीत ते काढून घेता येते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी कारखानदारांच्या ध्यानी आले. पहिल्या महायुद्धाच्या काळी लोखंडाची भूक वाढली, आणि पुढे कित्येक दशके यंत्रांनी हे ढीग उपसून नेले. त्या उपशातच थडगी उघडी पडली. त्यांतील कित्येक यंत्रांखाली चिरडली गेली. मळाने जे झाकून राखले होते तेच मळाच्या लोभाने उघडे झाले आणि मोडलेही. जी उरली ती आपण पाहतो. पण ज्या ढिगांमुळे हे नगर नगर होते ते ढीग आता तेथे नाहीत. म्हणजे ज्या मूळ ग्रंथाशी आम्ही भाषांतरे ताडून पाहण्यास गेलो, तो मूळ ग्रंथदेखील एक संपादित आवृत्तीच आहे. धनिकांची प्रकरणे ठेवली आणि मजुरांची पाने काढून विकली, असे तिचे संपादन झाले आहे. अनवधानी प्रवासी ती संपूर्ण समजून वाचतो आणि घरी येऊन ‘शांत, रम्य, काव्यमय’ अशी विशेषणे लिहितो. आमच्याही टिपणवहीत पहिल्या दिवशीची तीच तीन विशेषणे आहेत.

काही पाने मात्र राहून गेली आहेत. बारात्तीच्या वाळूत काळसर, तांबूस, काचेसारखे तुकडे अजून मिसळलेले आहेत; उन्हात वाळू लखलखते. हातात घेतलेला तुकडा आकाराच्या मानाने जड लागतो, आणि त्याच्यावर रस वाहून थिजल्याच्या सुरकुत्या दिसतात. कोणी तरी भात्यापाशी उभे राहून ती धार वाहवली, तेव्हा त्या सुरकुत्या पडल्या. गढीवर, संग्रहालयात किंवा थडग्यात त्या माणसाची दुसरी खूण आम्हांस मिळाली नाही.

आता त्या रुक्ष स्ट्रेबोचे ते प्रकरण पुन्हा वाचावे. ख्रिस्ती शकाच्या आरंभाच्या सुमारास तो लिहितो. नगर ओस पडले आहे. देवळे आणि थोडी घरे तेवढी वर आहेत. पायथ्याच्या बंदरात वस्ती अधिक आहे, लहानसे बारे आहे, गलबतांसाठी दोन छपऱ्या आहेत. भूशिराखाली टनी माशांचे थवे येताना पाहण्यासाठी टेहळणीची जागा आहे. आणि एल्बाहून आणलेल्या लोखंडावर काम करणारी माणसे आपण पाहिली. बस्स. यात वैराग्य नाही, वीररस नाही, नृत्य नाही. सार्डिनियाविषयी तो चुकला. एल्बातील खोदलेल्या खाणी कालांतराने आपोआप पुन्हा भरतात ही ऐकीव गोष्टही त्याने विश्वासाने नोंदली. दूरचे पाहताना तो फसला, ऐकलेले लिहिताना फसला. पण जवळ जे होते ते पाहताना फसला नाही. पडक्या देवळांबरोबर मासळीची टेहळणी, आणि ओस घरांबरोबर काम करणारे हात, हे त्याने एकाच दमात सांगितले. यांतील काय उदात्त आणि काय क्षुद्र ही निवड करण्याची उसंत त्यास नव्हती, किंवा तशी निवड करावी असे त्यास वाटले नाही. आम्ही ज्यास रुक्षपणा म्हणत होतो तो वस्तुतः एक प्रकारचा न्याय होता. आमचे मत बदलले ते येथे.

याचा अर्थ लॉरेन्स टाकून स्ट्रेबो हाती घ्यावा असा नाही. लॉरेन्स नसता तर आम्ही पोपुलोनियास गेलोच नसतो, आणि एट्रुस्कन लोक आम्हांस शाळेच्या इतिहासातील एक ओळ राहिले असते. वाचकास घराबाहेर काढण्याचे सामर्थ्य हा स्थलवर्णनाचा थोर गुण आहे, आणि तो स्ट्रेबोत मुळीच नाही. आमचे म्हणणे इतकेच की, प्रवासग्रंथाचे परीक्षण करताना आजवर आम्ही जे दोन प्रश्न विचारीत आलो, म्हणजे लेखकास काय वाटले आणि ते त्याने किती सुंदर सांगितले, त्यांत तिसऱ्याची भर घातली पाहिजे: या स्थळी कोण राबत होते, आणि ग्रंथात त्यास जागा मिळाली काय? मेकॉले या कसोटीस उतरत नाही. रुटिलियस तिच्या अगदी दाराशी येऊन परततो. डेनिस आपल्या शास्त्राच्या मर्यादेने अडतो. लॉरेन्स त्या माणसास जागा देतो, पण त्याच्या वतीने स्वतःच बोलतो.

हा प्रश्न आताच विचारण्याची निकड आहे. एल्बातील शेवटची लोखंडाची खाण १९८१ साली बंद झाली. पिओंबीनोत जुन्या परंपरेची आठवण म्हणून का होईना, पोलादाची भट्टी पेटत असे. तेथील शेवटची झोतभट्टी एप्रिल २०१४ मध्ये विझली. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ या किनाऱ्यावर कोठे ना कोठे धूर निघत होता. गढीच्या मनोऱ्यावर येणाऱ्या पूर्वीच्या प्रवाशास तो नकोसा वाटला तरी दिसत असे. आता येणाऱ्यास निळा समुद्र, पाइन वृक्ष आणि बेट एवढेच दिसेल, आणि येथे कधी काही दुसरे होते याची शंकाही येणार नाही. तेव्हा जे कोणी आमचे वाचक तिकडे जातील त्यांनी वाटेत लॉरेन्स अवश्य वाचावा. पण गढीकडे चढण्यापूर्वी बारात्तीच्या वाळूतून सावकाश एक फेरी मारावी, खाली पाहत चालावे, आणि स्ट्रेबोचे ते एक पान तेथेच काढून वाचावे.